जागलीला कोणता अल्बम न्यावा: मार्डुक, '१९१४' की बोल्ट थ्रोअर?

हरभऱ्यात रानडुकरं शिरायला लागली की आमच्या वावरात जागल सुरू होते. मचाणावर गोधडी, बॅटरी, बडवायला टिनाचा डबा आणि एकाच कानात इअरफोन. दुसरा कान डुकरांसाठी मोकळा. यंदा पुतण्या सोबतीला होता. म्हणे, "काका, थे लढाईचं मेटल आयकाचं हाये मले. सुरू कोठून करू?" मेटल म्हणजे जड गिटार आणि ड्रमचं रॉक संगीत, नि याला हवे होते लढाईवर गाणारे बँड. वावरात रेंज नाही, त्यामुळे गावातूनच एक अल्बम डाउनलोड करून न्यायचा होता.

स्वीडनच्या मार्डुक या बँडचा 'पांझर डिव्हिजन मार्डुक' (१९९९) सगळ्यांत आधी हाताशी येतो. आठ गाणी, जेमतेम अर्धा तास. ड्रम म्हणजे सोयाबीनचं थ्रेशर, एकदा लागलं की खळं संपेपर्यंत थांबणं नाही. '५०२' हे गाणं जर्मनांच्या त्या क्रमांकाच्या जड रणगाडा बटालियनवर आहे. पण सगळं दिसतं ते रणगाड्यावर बसून, पट्ट्याखाली कोण आलं ते दिसत नाही. मला दहा मिनिटं पुरतो.

युक्रेनमधल्या ल्विवचा '१९१४' हा बँड बरोबर उलटा. पहिलं महायुद्ध, आणि तेही खंदकातून. गायक-वादकांनी टोपणनावंसुद्धा हुद्दा आणि रेजिमेंटसकट घेतलीत. २०१८च्या 'द ब्लाइंड लीडिंग द ब्लाइंड'मध्ये बेल्जियममधल्या पाशनडेलच्या १९१७च्या लढाईतल्या चिखलावर गाणं आहे. आपल्या काळ्या मातीत पावसानंतर पाय काढावा तर चप्पल आतच राहते, ज्यानं हे भोगलंय त्याला त्या संथ, जड रिफचा (गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्याचा) अर्थ सांगावा लागत नाही. आणखी एक गाणं कबुतराचं. जून १९१६, फ्रान्समधल्या व्हर्दनजवळचा व्हो किल्ला जर्मनांनी वेढलेला. किल्ल्याचा फ्रेंच अधिकारी मेजर रेनालनं चिठ्ठीत लिहिलं, हे माझं शेवटचं कबूतर, आणि विषारी वायूतून ते सोडलं. तिन्हींत मला हाच अल्बम मोठा वाटतो. पण रात्री दोनला एकट्यानं मचाणावर? नको रे बाबा.

म्हणून नवख्यानं इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीचा बोल्ट थ्रोअर घ्यावा, 'दोज वन्स लॉयल' (२००५). चाल तिफणीच्या बैलांसारखी, घाई नाही, थांबणं नाही. मुखपृष्ठावर लंडनच्या तोफखाना स्मारकातलं शिल्प. इथं जयजयकार नाही, रडारडही नाही. पायदळातला माणूस आपला पुढे चालत राहतो. हा त्यांचा शेवटचाच अल्बम. २०१५ मध्ये ड्रमर मार्टिन कर्न्स गेला आणि पुढच्या वर्षी बँडनं थांबत असल्याचं जाहीर केलं. बोल कळत नाहीत, ही तक्रार तिन्हींबद्दल खरी. ते आधी वाचून घ्यावेत.

एवढं सांगून पुतण्यानं आणला मार्डुकच. दुसऱ्या रात्री माझा डोळा लागला नि यानं दोन्ही कानांत इअरफोन घातले. सकाळी धुऱ्याकडच्या सात ओळी उकरलेल्या.