नवा स्टिरिओ: कपलरवर बसवायचा की वायर कापून?

गाडीत नवा स्टिरिओ टाकायचा म्हटलं की स्क्रीन सात इंची की नऊ, रॅम किती, कॅमेरा कुठला, यावर आपण आठवडे घालवतो. तो गाडीच्या वायरिंगला जोडायचा कसा, हे मात्र दुकानातला मुलगा डॅशबोर्ड उघडून बसल्यावर दोन मिनिटांत ठरवतो, आणि तेव्हा आपण बहुधा बाहेर चहा घेत उभे असतो. स्टिरिओ बसवल्यानंतर बॅटरी उतरणं, फ्यूज उडणं, स्पीकरमधून शिट्टी येणं अशा ज्या कटकटी सुरू होतात, त्यांतल्या बऱ्याचशांचं मूळ त्या दोन मिनिटांत असतं.

रस्ते दोनच आहेत. पहिला म्हणजे कंपनीचा सॉकेट कापायचा, वायरी सोलायच्या, नव्या सेटच्या वायरींशी पीळ मारून टेप गुंडाळायची. दुसरा म्हणजे आपल्या मॉडेलचं कपलर आणायचं, त्याचं एक टोक कंपनीच्या सॉकेटमध्ये आणि दुसरं नव्या सेटमध्ये खोचायचं. माझ्या एकाच वॅगनआरमध्ये दोन्ही प्रकार होऊन गेले, आधी कापलेलं आणि मग कपलरवालं. तेव्हा खाली जे आहे ते त्या अनुभवातलं आहे. तुमची गाडी वेगळी असेल तर थोडं इकडेतिकडे धरून चाला.

कापून जोडण्याची बाजू आधी घेतो, कारण तिला उगाच वाईट म्हणणं बरोबर नाही. हाताला वळण असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन वायर नीट सोलून, सोल्डर करून, वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, चढवून जोड देतो, तेव्हा तो जोड कित्येक स्वस्त कपलरांपेक्षा मजबूत असतो. बाजारात काही कपलर असे येतात की आतली पिन सैल, वायर केसासारखी बारीक. खड्ड्यातून गाडी गेली की आवाज तुटतो. शिवाय सेटच्या मागे जागा कमी असते. कपलर, स्टिअरिंग बटणांचा डबा, कॅमेऱ्याची वायर असं सगळं कोंबल्यावर सेट पूर्ण आत बसत नाही आणि फ्रेम एका कोपऱ्यात वर उचललेली राहते. जुन्या गाडीला, जिचा सॉकेट आधीच्या मालकाने केव्हाच कापलेला आहे, तिला कपलर लावायचं तरी कशात?

पण प्रत्यक्षात सोल्डर आणि स्लीव्ह कोण करतं? घाईच्या शनिवारी, मागे गाड्यांची रांग असताना, पीळ आणि काळी टेप हेच होतं. आणि आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड इतका तापतो की त्या टेपचा गोंद पातळ होऊन सुटतो. माझ्या गाडीतल्या जोडांवरून टेप अशीच घसरली होती. हात लावला की बोटांना काळा चिकटा, आणि उघडं तांबं सेटच्या लोखंडी पट्टीपासून जेमतेम बोटभर लांब. ती वायर स्पीकरची होती म्हणून बरं. आजकालच्या सेटमध्ये स्पीकरची वजा वायरसुद्धा अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली) नसते, तिच्यावर सुमारे सहा व्होल्ट असतात. ती बॉडीला टेकली की सेट स्वतःला बंद करून घेतो, आणि नशीब वाईट असेल तर आतली अँप्लिफायरची आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, जाते.

तरी माझं मत त्या टेपमुळे बदललं नाही. टेप बदलता येते. मला खरा त्रास झाला तो बॅटरीच्या प्रकरणात.

नवा सेट बसवल्यावर काही दिवसांनी गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ घेईना. नुसतं टकटक. जंप देऊन चालू केली की दिवसभर ठणठणीत, पुन्हा उभी राहिली की पुन्हा तेच. बॅटरीवाले म्हणाले, "बॅटरी चांगली आहे, अल्टरनेटर बघून घ्या." अल्टरनेटर चौदा व्होल्टच्या आसपास देत होता, म्हणजे तोही चांगला. सर्व्हिस सेंटरमध्ये अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "सर, बाहेरचा स्टिरिओ आहे, आधी तो काढून या, मग आम्ही बघतो." आणि ज्या दुकानात बसवला तिथे उत्तर मिळालं, "साहेब, सेट एवढा करंट घेतच नाही, तुमच्या गाडीतच काहीतरी आहे."

तिघांपैकी कोणाचं खरं, हे ठरवायला एकच गोष्ट हवी होती: गाडी पुन्हा कंपनीच्या अवस्थेत आणायची आणि दोन दिवस उभी करून बघायची. कापलेल्या वायरिंगमध्ये नेमकं तेच करता येत नाही. जुना सेट घरात होता, पण तो खोचायला सॉकेटच उरला नव्हता.

मग मीटर लावला. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी पद्धत सांगतो. किल्ली काढायची, बॅटरीची वजा तार सोडवायची, मल्टीमीटर दहा अँपिअरच्या रेंजवर घेऊन तार आणि टर्मिनल यांच्या मधे लावायचा. मीटर मधे असताना चुकूनही इग्निशन ऑन करायचं नाही, मीटरचा फ्यूज जातो. दारं लॉक करायची आणि अर्धा तास थांबायचं, कारण गाडीतले कंट्रोल युनिट झोपायला वेळ घेतात. त्यानंतर काटा ५० मिलिअँपिअरच्या खाली असेल तर काळजी नाही. माझ्याकडे पाव अँपिअरच्या आसपास दिसत होते. आकडा छोटा वाटतो, पण हिशोब करा: पाव अँपिअर म्हणजे २४ तासांत ६ अँपिअर-अवर. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. तीन दिवसांत अर्धी रिकामी, आणि बॅटरी जरा जुनी असेल तर तेवढ्यात सेल्फ घेणं बंद.

आता एकेक फ्यूज काढत जायचा आणि आकडा कधी पडतो ते बघायचं. रेडिओचा फ्यूज काढला. बऱ्याच मारुतींमध्ये असतं तसं माझ्या गाडीत आतला दिवा आणि रेडिओची मेमरी एकाच फ्यूजवर आहेत. दिवा लागेनासा झाला. मीटर मात्र जागचा हलला नाही. मी सेटचं बटण दाबलं, तर फ्यूज माझ्या हातात, किल्ली खिशात, आणि स्क्रीन झगझगीत उजळली.

म्हणजे सेटला वीज रेडिओच्या लाइनमधून येतच नव्हती. स्टिअरिंगखालचं कव्हर काढल्यावर सापडलं: इग्निशन स्विचच्या जाड कायम चालू तारेला चिमटा मारून तिथून एक वायर आणलेली, आणि सेटची पिवळी आणि लाल दोन्ही त्या एकाच वायरला बांधलेल्या. पिवळी म्हणजे कायमचा पुरवठा, मेमरीसाठी. लाल किल्लीबरोबर चालू-बंद व्हायला हवी, तिच्यावरून सेटला कळतं की गाडी बंद झाली, आता झोप. दोन्ही एकत्र बांधल्या की सेट कधी झोपतच नाही. स्क्रीन काळी दिसते, आतून तो जागा असतो. किल्लीशिवाय गाणी वाजतात म्हणून गिऱ्हाईकही खूश असतं, त्यामुळे हा जोड दुकानात अगदी सर्रास केला जातो.

दोष कळल्यावर लाल वायर किल्लीवर चालणाऱ्या लाइनला घेणं हे दहा मिनिटांचं काम होतं. तो शोधायला जो वेळ गेला, त्यानेच माझा कौल ठरला. वायर कापून कुठूनतरी आणली की गाडीचा कागदावरचा डायग्राम आणि प्रत्यक्ष गाडी यांचं नातं तुटतं. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर लिहिलेलं खोटं ठरतं. पुढे विंडो अडकली, लॉक वेड्यासारखं वागलं, क्लस्टर (समोरचं मीटर पॅनेल) लुकलुकला, तर दर वेळी पहिला संशय त्या जोडांवर जाणार आणि तो कधीच पूर्ण फिटणार नाही. कपलरवर हे होत नाही. शंका आली की सेट ओढा, कपलर काढा, जुना सेट खोचा. दोष राहिला तर गाडीचा, गेला तर सेटचा. सर्व्हिस सेंटरचं तोंडही बंद होतं. गाडी वॉरंटीत असेल तर हा मुद्दा आणखी मोठा, कारण कापलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकल क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं.

कपलर लावलं की सगळं सुरळीत, असं मात्र समजू नका. त्याच्याही दोन खोडी माहीत असाव्यात. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या काही गाड्यांत पिवळ्या आणि लाल वायरीच्या जागा उलट असतात. त्यात साधं कपलर खोचलं की किल्ली काढताच सेट सगळं विसरतो, दर सकाळी ब्लूटूथ आणि स्टेशनं नव्याने. म्हणूनच पुष्कळ कपलरांत या दोन वायरींना मधे सुटे बुलेट जोड, म्हणजे हाताने ओढून काढता-लावता येणारे जोड, दिलेले असतात, अदलाबदल केली की काम झालं. याच गाड्यांत अँटेनालाही वीज लागते. ती दिली नाही तर एफएम शहराबाहेर पडताच खरखरायला लागतं आणि लोक सेटला शिव्या देतात. दुसरी खोड नव्या गाड्यांची: कित्येकांत सॉकेटपर्यंत किल्लीची लाइन येतच नाही, तो संदेश कॅन बसवरून, म्हणजे गाडीतले कंट्रोल युनिट एकमेकांशी बोलतात त्या डेटा लाइनवरून जातो. तिथे कपलरबरोबर कॅनबॉक्स, म्हणजे तो संदेश सेटला समजावणारा छोटा डबा, घ्यावा लागतो आणि खर्च काही शे रुपयांवरून बराच वर जातो. तरी अशा गाडीत कापाकापी करण्यापेक्षा तो खर्च मला परवडतो.

बाकी तक्रारींबद्दल थोडक्यात. हेडलाइट लावली की फ्यूज उडत असेल, तर बहुधा नारिंगी वायर, म्हणजे डॅशच्या उजेडाची लाइन, कुठेतरी अर्थला लागली आहे. याकडे दुर्लक्ष करू नका, कारण पुष्कळ गाड्यांत मागचे टेल लॅम्पही त्याच फ्यूजवर असतात आणि रात्री ते गेलेले आपल्याला दिसत नाहीत. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी येत असेल तर ती बहुतेक अर्थची भानगड. सेट आणि अँप्लिफायर एकाच ठिकाणी, रंग खरवडलेल्या पत्र्याला अर्थ करा आणि आरसीए केबल (सेटमधून अँप्लिफायरला आवाज नेणारी) पॉवरच्या केबलपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. ही शिट्टी कपलरवरही येते, कापलेल्यावरही येते, तिथे दोघांत डावं-उजवं नाही.

मोठा अँप्लिफायर आणि वूफर टाकायचा असेल तर कपलर की कापाकापी हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. रेडिओच्या लाइनचा फ्यूज १० किंवा १५ अँपिअरचा असतो, त्यावर अँप्लिफायर चालवायचाच नाही. त्याला बॅटरीवरून वेगळी जाड केबल आणि बॅटरीच्या अगदी जवळ स्वतंत्र फ्यूज हवाच, मग सेट कसाही जोडलेला असो. आणि गाडी दहा-बारा वर्षांची असेल, सॉकेट आधीच गेलेला असेल, वर्षा-दोन वर्षांत विकायचीच असेल, तर सोल्डर करणारा माणूस शोधून कापलेल्याच वायरिंगवर नीट काम करून घेणं मला वाटतं जास्त शहाणपणाचं आहे.

यांपैकी काही नसेल तर मी कपलर घेईन. दुकानात जाण्याआधी स्वतः विकत घ्या. पुण्यात असाल तर नाना पेठेत चौकशी करा, ऑनलाइनही मिळतात. फक्त मॉडेलबरोबर वर्षही सांगा, कारण एकाच नावाच्या गाडीचा सॉकेट मधेच बदललेला असतो. पिन हाताने ओढून बघा, सैल असेल तर परत द्या. फिटरला स्पष्ट सांगा, "दादा, एकही वायर कापायची नाही, कपलर बसलं नाही तर मला फोन करा." डॅशमधल्या पिवळ्या आवरणातल्या जाड वायरींना आणि पिवळ्या सॉकेटना तर कुणालाच हात लावू देऊ नका, त्या एअरबॅगच्या असतात. काम झाल्यावर निघण्याआधी किल्ली काढा, दार उघडून बंद करा, मग सेटचं बटण दाबा. स्क्रीन लागली तर काहीतरी गडबड आहे, तिथेच थांबून दुरुस्त करून घ्या.

ज्यांची गाडी आधीच कापली गेली आहे त्यांनाही मार्ग आहे, मी तोच घेतला. कपलरची गाडीकडची बाजूही सुटी मिळते, म्हणजे कंपनीच्या सॉकेटसारखाच सॉकेट, मागे वायरी लोंबत असलेला. कापलेल्या टोकांना तो रंग जुळवून सोल्डर करून घ्यायचा, प्रत्येक जोडावर स्लीव्ह, आणि रंगावर भरवसा न ठेवता प्रत्येक वायर आधी मीटरने तपासायची: किल्लीशिवाय १२ व्होल्ट म्हणजे पिवळीची, किल्लीबरोबर येणारे म्हणजे लालची. इग्निशन स्विचवरचा चिमटा काढून तिथे स्लीव्ह चढवायला विसरू नका. आणि जुना कंपनीचा सेट भंगारात किंवा ऑनलाइन विकू नका. हजार-दोन हजार मिळतील, पण पुढच्या वेळी बॅटरी उतरली की खोचून बघायला तोच लागतो.