मुलाखत पास झाले आणि 21,350 रुपये गेले

खोट्या नोकरीच्या नादात तीन वेळा मिळून माझे 21,350 रुपये गेले. 6,500 मुलाखतीच्या तयारीच्या क्लासला, 2,850 व्हेरिफिकेशनला आणि 12,000 लॅपटॉपच्या डिपॉझिटला. शेवटचे 12,000 आईच्या भिशीचे होते. नागपुरात माझ्यासारखी बी.कॉम., एम.कॉम. झालेली खूप मुलंमुली कामाच्या शोधात आहेत, म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

बी.कॉम. झाल्यावर मी टॅली आणि जीएसटीचा कोर्स केला, मग सक्करदऱ्याला एका कर सल्लागाराकडे दीड वर्ष काम केलं. काम मला येतं. भीती होती ती मुलाखतीची. शिक्षण सगळं मराठीतून. समोरच्यानं 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की घशाला कोरड पडायची. दोन ठिकाणी नकार आला आणि मी धरूनच चालले की तो इंग्रजीमुळे आला. त्याच दिवसांत मानेवाडा चौकात विजेच्या खांबाला लावलेला कागद दिसला. 'इंटरव्ह्यूची तयारी 15 दिवसांत, 100% जॉब.'

क्लास बर्डीला, आतल्या गल्लीत, मोबाईलच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. आम्ही अकरा जण होतो. कोणी उमरेडहून एसटीनं यायचं, कोणी काटोलहून. सर बोलायला फार गोड. पहिल्याच दिवशी त्यांनी चाळीस प्रश्नांची यादी दिली, चार पानं, कोपऱ्यात स्टेपल केलेली, प्रत्येक प्रश्नाखाली इंग्रजीत उत्तर. ती पाठ करायची, आरशासमोर म्हणायची, मग सर्वांसमोर उभं राहून म्हणायची. खुर्चीत कसं बसायचं, हात कुठे ठेवायचे, आत येताना काय म्हणायचं, हेही शिकवलं. माझा धीर खरंच वाढला. सर म्हणाले, "तुमच्यात कॉन्फिडन्स होताच, फक्त बाहेर काढायचा होता." असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी त्या माणसावर विश्वास ठेवला.

बाराव्या दिवशी मेसेज आला. मिहान या नागपूरच्या औद्योगिक भागातल्या एका कंपनीत अकाउंट्सच्या चार जागा आहेत, सरांनी तुमचं नाव सुचवलं आहे, उद्या दुपारी व्हिडिओ कॉलवर मुलाखत. समोर दोघं होते, एकाचा कॅमेरा बंद. बावीस मिनिटांत सात प्रश्न विचारले. सातही प्रश्न त्या चाळीसांतले, जवळजवळ त्याच क्रमानं. मी खडाखडा उत्तरं दिली, कुठेही अडखळले नाही. संध्याकाळी फोन आला, सिलेक्ट झालात, पगार महिना 28,000.

इथे थोडी थांबते, कारण मी नेमकी इथेच फसले. प्रश्न ओळखीचे निघाले तेव्हा मनात आलं, बघ, तयारी कामी आली. ही मुलाखत आणि ते चार कागद एकाच हातचे असतील, हे डोक्यात आलंच नाही. अकाउंट्सच्या जागेसाठी बसले होते आणि बावीस मिनिटांत एकदाही कोणी डेबिट-क्रेडिटचा विषय काढला नाही. कोणत्या सॉफ्टवेअरवर काम केलं, रिटर्न भरता येतं का, जुन्या ठिकाणी किती क्लायंट सांभाळले, यातलं काही नाही. तेव्हा मला ते माझं नशीब वाटलं. आईनं दुसऱ्या दिवशी टेकडीच्या गणपतीला नारळ फोडला.

मग पत्र आलं. लेटरहेड, सही, शिक्का, सगळं होतं. सोबत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचे 2,850 मागितले, ते माझ्या बचतीतून दिले. चार दिवसांनी सांगितलं की कंपनी लॅपटॉप देते, त्याचं 12,000 डिपॉझिट, पहिल्या पगारात परत. आई तेव्हाच म्हणाली, "ते नोकरी देऊन राहिले का पैसे घेऊन राहिले?" मी तिच्यावर चिडले. म्हटलं, आई, तुला यातलं काही कळत नाही, सगळ्या कंपन्या घेतात. सरांना फोन केला तर पहिल्याच रिंगला उचलला आणि म्हणाले, "माझी बारा मुलं तिथं लागलीत, बिनधास्त भरा." आईची भिशी त्याच महिन्यात लागली होती. तिनं पदरातली पुरचुंडी सोडून नोटा दोनदा मोजल्या, माझ्या हातावर ठेवल्या आणि पुढे काही बोलली नाही. क्यूआर स्कॅन केल्यावर कंपनीच्या जागी एका माणसाचं नाव आलं. विचारलं, तर म्हणाले फायनान्स मॅनेजरचं खातं आहे. मी पैसे पाठवले.

रुजू व्हायचा दिवस 2 जून. नवतपा संपत आला होता, सकाळी नऊलाच ऊन भाजत होतं. छत्रपती चौकातून मेट्रोनं खापरीला उतरले, पुढे ऑटोनं पत्रावरच्या पत्त्यावर. त्या नावाची कंपनी तिथे खरोखर आहे, गेट आहे, बोर्ड आहे. गार्डनं पत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, या आठवड्यात हे तिसरं. आमच्या कंपनीचं नाव वापरून कोणीतरी वाटून राहिलं." त्यानं केबिनमधून पाण्याचा जग आणला आणि सावलीत खुर्ची टाकून दिली. मी तिथे अर्धा तास बसून होते. सरांचा फोन बंद. दुपारी बर्डीला गेले तर दुसऱ्या मजल्यावर कुलूप, आणि खालच्या मोबाईलवाल्यानं सांगितलं की खोली महिन्याच्या भाड्यानं घेतली होती.

घरी आल्यावर डिपॉझिटची पावती पहिल्यांदा नीट पाहिली. हे माझं रोजचं काम, आणि तेच मी केलं नव्हतं. पावतीवर लिहिलं होतं 10,169 अधिक जीएसटी 1,831. परत मिळणाऱ्या अनामतीवर जीएसटी लागत नाही, तो लागतो ती रक्कम बिलात वळती केली तर. मग जीएसटी नंबर पाहिला. पंधरा अक्षरी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात. नागपूरच्या कंपनीच्या पावतीवर तिथे 27 हवं, 09 होतं, म्हणजे उत्तर प्रदेश. पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे या नंबरातलं सहावं, कंपनी असेल तर सी असतं. इथे पी होतं, म्हणजे एका व्यक्तीचं पॅन. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही नंबर टाकून बघता येतो. मी टाकला, तर सिमेंट-लोखंडाच्या एका दुकानाचं नाव आलं. त्या दुकानदाराचा बहुधा काही संबंधही नसेल, नंबर कुठून तरी उचललेला. या तपासणीला मला दोन मिनिटं लागली. अकाउंट्सवाल्यांनो, तुमच्याकडे हे हत्यार आहे. पावती मागा आणि पैसे देण्याआधी ती वाचा.

ज्यांना हे येत नाही त्यांनी एवढं तरी करा. पत्रावरचा फोन नंबर सोडा, कंपनीचा नंबर स्वतः शोधून एचआरला विचारा की असं पत्र दिलं का. पत्र फुकटच्या जीमेल पत्त्यावरून आलं असेल तर तिथेच थांबा. माझं तसंच आलं होतं. आणि मुलाखतीत कामाचा एकही प्रश्न आला नाही तर आनंद मानू नका.

तक्रारीत माझी मोठी चूक झाली. लाजेपोटी दोन दिवस कोणाला बोलले नाही. तिसऱ्या दिवशी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पहिल्यांदा बारा आकडी यूपीआय व्यवहार क्रमांक विचारला, मग तारीख आणि वेळ. पैसे जाऊन तोवर नऊ दिवस झाले होते. हा फोन ताबडतोब केला तर पुढच्या खात्यात रक्कम रोखता येऊ शकते, माझी तोपर्यंत निघून गेली होती. नंतर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर स्क्रीनशॉट टाकले आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. पूर्वी ज्याला चारशेवीस म्हणायचे, तो गुन्हा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये आहे. क्लासमधल्या अकरापैकी सहा जणांचे पैसे गेल्याचं आता कळलं आहे. तक्रार चौघांनीच दिली. बाकीचे घरच्यांना घाबरतात. त्यांना मी रागावत नाही, मीही तशीच गप्प बसले होते. पण मेसेज आणि कॉलचे रेकॉर्ड पुसू नका, एवढं त्यांना सांगून ठेवलं आहे. माझा अजून एक रुपयाही परत आलेला नाही.

ऑगस्टमध्ये वाडीला एका ट्रान्सपोर्टवाल्यांकडे मुलाखतीला गेले. मालकीणबाईंनी माझ्याबद्दल काही विचारलंच नाही. ट्रायल बॅलन्सची, म्हणजे सगळ्या खात्यांच्या डेबिट-क्रेडिट बाकीच्या यादीची, प्रिंट पुढे सरकवली आणि म्हणाल्या, दोन्ही बाजूंत 540 चा फरक येऊन राहिला, बघ कुठे आहे. 540 ला नऊनं भाग जातो, म्हणजे कुठेतरी आकडे उलटसुलट झाले असतील, असं धरून मी शोधायला लागले. डिझेलच्या खात्यात 7,930 चे 7,390 झाले होते. मग त्यांनी विचारलं, माल देणारी पार्टी म्हणते बिल जीएसटीत दाखवलं, पण आपल्या टू-बीमध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत, दिसत नाही, तर त्या कराचं क्रेडिट घेशील का? मी म्हटलं, दिसेपर्यंत नाही, आधी त्यांना त्यांचं जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं रिटर्न, तपासायला सांगेन. सगळं बोलणं मराठीत झालं. पगार 15,000 ठरला. दीड वर्षाच्या अनुभवावर 28,000 कोणी का देईल, हा प्रश्न मला मे महिन्यातच पडायला हवा होता.

निघताना मी विचारलं, काही डिपॉझिट वगैरे? त्या म्हणाल्या, "कशाचं डिपॉझिट व?" पहिल्या पगारातले पाच हजार आईला दिले, उरलेले सात हप्त्याहप्त्यानं देते आहे.

मागच्या आठवड्यात मानेवाडा चौकातल्या त्याच खांबावर नवा कागद लागला आहे. क्लासचं नाव वेगळं, फोन नंबर वेगळा, पत्ता धरमपेठेचा. '15 दिवसांत' आणि '100% जॉब' तसंच. तोच माणूस आहे का, मला माहीत नाही. कागदाचा फोटो काढून तक्रारीला जोडायला दिला आहे. तिथे कोणी नाव घातलं असेल आणि हातात चाळीस प्रश्नांची, कोपऱ्यात स्टेपल केलेली चार पानं मिळाली असतील, तर पुढचा एक रुपयाही देऊ नका आणि आजच 1930 ला कळवा.