विंचवाचं बिऱ्हाड पार्किंगमध्ये: सेकंडहँड अबार्थ पुंटोसोबत अकरा महिने

"काय रे, आज पण बिघडली का?"

रविवारी सकाळी सात वाजता माझ्या गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की सोसायटीत हा प्रश्न ठरलेला. दुधाची पिशवी घेऊन येणारे विचारतात, चालायला निघालेले विचारतात, वॉचमन तर रोज नव्याने विचारतो. बॉनेट उघडं म्हणजे गाडी बंद, एवढंच आपल्याला माहीत. धडधाकट चालणाऱ्या गाडीखाली माणूस हौसेने आडवा होतो, हे मुलुंड पूर्वेत अजून कोणाला पटलेलं नाही.

गाडी आहे अबार्थ पुंटो, म्हणजे फियाटच्या पुंटोचा जास्त ताकदीचा अवतार, नाशिकहून घेतलेली, एमएच १५ची. ऑक्टोबर २०२४ मध्ये सव्वापाच लाखांना मिळाली, तेव्हा मीटरवर ६१ हजार होते. अकरा महिन्यांत मी त्यात साडेनऊ हजारांची भर घातली. ही काही दोन दारांची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार नाही, हे आधीच कबूल करतो. पाच दारांची हॅचबॅक आहे, मागे आई व्यवस्थित बसते. पण १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ बीएचपी, २१२ एनएम, पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक हा ऐवज २०१५ साली दहा लाखांच्या आत आला होता. आज त्या पैशात एवढी ताकद आणि हाताने टाकायचा गिअर शोधून दाखवा.

गाडीवर विंचू आहे. कंपनी काढणारे कार्लो अबार्थ नोव्हेंबरात जन्मलेले, त्यांची रास वृश्चिक, म्हणून विंचू. आईने पहिल्या दिवशीच तोंड वाकडं केलं. "लोक गाडीवर गणपती लावतात, तू विंचू घेऊन आलास." मी तिला सांगितलं की ही पुंटो इटलीची नाही, आपल्या रांजणगावच्या कारखान्यात बनलेली आहे, महागणपतीच्या गावात. तेव्हापासून तिची तक्रार बंद झाली. डॅशबोर्डवर एक छोटा गणपतीही आला आणि तिथे चिकटवायला सपाट जागा नाही म्हणून तो थोडा तिरका बसलाय.

आता घरच्या देखभालीबद्दल. त्यातली "घरी" ही कल्पना मुंबईत किती लांबीरुंदीची असते, ते आधी सांगतो. माझ्याकडे इमारतीखालची एक जागा आहे. डावीकडे खांब, उजवीकडे शेजाऱ्यांची स्विफ्ट. दोघांच्या मधे दार पूर्ण उघडत नाही. गॅरेज नाही, कपाट नाही, विजेचा पॉइंट नाही. पार्किंगमध्ये गाडी धुऊ नये आणि दुरुस्ती करू नये, अशी पाटीही आहे. त्यामुळे जॅक, दोन स्टँड, सॉकेटचा सेट, रिंग पाने, बोल्ट मोजक्याच जोराने आवळणारा टॉर्क रेंच, हातमोजे, जुनं धोतर, सगळं डिकीत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, ते माझ्या बाबतीत शब्दशः खरं आहे. बायकोला भाजी ठेवायची तर मागच्या सीटवर ठेवावी लागते.

सेक्रेटरींशी तह झाला तो एका फ्लेक्समुळे. कोपऱ्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स आठवडाभर लटकून शेवटी गटाराशेजारी पडला होता. तो धुऊन आणला. तो गाडीखाली अंथरला की फरशीवर ऑइलचा थेंबही पडत नाही. "डाग दिसला नाही तर मीही बघितलं नाही," असं सेक्रेटरी म्हणाले. वेळ मात्र ठरलेली, रविवारी सात ते साडेनऊ. त्यानंतर पोरांचं क्रिकेट सुरू होतं आणि विंचवाला चेंडू लागला तर चार रन धरतात.

पहिले तीन महिने तर आधीच्या मालकाने केलेलं निस्तरण्यातच गेले. हेडलाइटमध्ये त्याने बाजारातले एलईडी बल्ब कोंबले होते. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये असा बल्ब बसवला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. ते काढून साधे हॅलोजन टाकले. सायलेन्सरचा मागचा डबा कापून सरळ पाइप जोडला होता. कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात मूळ डबा मिळाला आणि तो बसवून घेतला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एकेका बदलाला पाच हजारांचा दंड लागू शकतो, आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी असा पाइप कोणालाही आवडत नाही. शिवाय रात्री अकराला त्या आवाजाने घरी येणं हे माझ्या वयाला शोभत नव्हतं.

सगळ्यात वाईट होतं कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी. टाकीत लाल पाणी दिसायला हवं, तिथे गढूळ चहासारखं काहीतरी होतं. गृहस्थांनी नळाचं पाणी ओतत आणलेलं. तानसा-भातसाचं पाणी असो की नाशकात गंगापूर धरणाचं, पिण्याला उत्तम, पण त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि गंज रोखणारं रसायन पातळ होतं. तीन रविवार डिस्टिल्ड वॉटर भर, इंजिन गरम कर, थंड होऊ दे, काढ, पुन्हा भर, असं केलं. मग तयार मिसळलेलं लाल कुलंट भरलं. हिरवं आणि लाल एकत्र करू नका, दुकानदार "सगळं सेम असतं" म्हणाला तरी.

इथेच काका माझ्या गोष्टीत आले. तिसऱ्या मजल्यावर राहतात, वय ७८, आयुष्य कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात गेलं, फियाटच्याच घराण्यातली पद्मिनी बनवण्यात. माझ्या गाडीला ते अबार्थ म्हणत नाहीत, पुंटोही म्हणत नाहीत. "फियाट आणलीस, छान केलंस." ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या तेव्हा ते दोन दिवस कोणाशी धड बोलले नव्हते, असं काकू सांगतात. आता रविवारी खाली खुर्ची टाकून बसतात. कॉम्प्युटर, सेन्सर, टर्बो यातलं त्यांना काही नको असतं. पण बोल्ट किती आवळावा हे मला त्यांनी शिकवलं. स्पार्क प्लग बदलताना मी पाना जोरात फिरवणार तोच म्हणाले, "अरे, इंजिनचं डोकं अॅल्युमिनियमचं आहे. आटे गेले की रडत बसशील. आधी बोटाने बसव. बोटाने फिरत नसेल तर तू चुकतोयस, तो नाही." दुसऱ्याच दिवशी नागदेवी स्ट्रीटवर जाऊन टॉर्क रेंच घेतला. अकरा महिन्यांतली सगळ्यात चांगली खरेदी.

ऑइल बदलणं सोपं आहे, गाडी उचलणं अवघड. पुढे इतकी बसकी आहे की साधा ट्रॉली जॅक खाली सरकतच नाही. सुताराकडून दोन इंच जाडीच्या दोन फळ्या घेतल्या. त्यांवर पुढची चाकं चढवायची, मग जॅक, मग स्टँड, मागच्या चाकांना विटा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँडशिवाय शिरायचं नाही, हे लिहायचीही गरज नसावी, पण मी लोकांना शिरताना बघितलंय. तीन लिटरच्या आसपास ५डब्ल्यू-४० सिंथेटिक लागतं. इंजिनात जास्त हवा ढकलून ताकद वाढवणारा टर्बो याच ऑइलवर जगतो, म्हणून मी साडेसात हजार किलोमीटरलाच बदलतो. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून ओळखीच्या मेकॅनिकला देतो, ते गोळा करून नेणारा माणूस त्याच्याकडे येतो.

ब्रेकच्या वेळी मात्र माझी फजिती झाली. पुढचे पॅड तासाभरात बदलले आणि छाती फुगली. मागचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उघडला, क्लॅम्प लावला, पिस्टन आत दाबायला घेतला. हलेना. अजून दाबला. हलेना. काका म्हणाले, "हातोडी आणू का?" ते थट्टा करत होते, मला कळलं नाही आणि मी हो म्हणालो. तास गेला. शेवटी डोक्यात आलं की हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये आहे, त्यामुळे पिस्टन नुसता दाबायचा नसतो, फिरवत आत न्यायचा असतो. त्याचं वेगळं हत्यार मिळतं. ते नव्हतं म्हणून त्या रविवारी गाडी एका चाकाशिवाय स्टँडवर राहिली आणि दिवसभर येणारजाणारा प्रत्येक जण म्हणाला, "म्हणजे बिघडलीच ना?" सोमवारी ऑफिसला लोकलने. मंगळवारी रात्री टॉर्चच्या उजेडात काम पुरं केलं.

त्याच्या पुढच्या रविवारी ब्रेक ऑइल. डॉट ४ जातीचं हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि ओलावा आपल्या मुंबईत फुकट मिळतो. पाणी मुरलं की त्याचा उकळबिंदू खाली येतो आणि घाटात उतरताना पेडल मऊ पडतं. बायको आत बसली, मी चाकाशी. "दाब. धरून ठेव. सोड." पंधरा मिनिटांनी आतून आवाज आला, "अरे, एवढा हुकूम तू ऑफिसात तरी चालवतोस का?" पण पेडल नंतर असं घट्ट झालं की पहिल्याच सिग्नलला मागचा रिक्षावाला ओरडला.

बदल म्हणावेत असे मी मोजून तीन केले. चांगल्या प्रतीचे ब्रेक पॅड, त्याच मापाचे नवे टायर, आणि एक तिसरा, जो नंतर काढून टाकला. टायर १९५/५५ आर१६. जुन्या टायरांची नक्षी छान शाबूत होती, पण बाजूवरचे शेवटचे चार आकडे होते ३२१७, म्हणजे २०१७ च्या ३२व्या आठवड्यातले. रबर दगड झालेलं. नवे टाकल्यावर ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरला पुढची चाकं जी भिरभिरायची, ती थांबली. पैसे कमी असतील तर आधी टायर, बाकी सगळं नंतर.

तिसरा बदल इंजिनच्या खालच्या माउंटिंगचा, म्हणजे इंजिन गाडीला जिथे धरून बसतं त्या जोडाचा. रबरी बुशऐवजी कडक पॉलियुरेथेनचा टाकला की गिअर टाकताना इंजिन हलत नाही, गाडी चटकन प्रतिसाद देते, असं वाचलं होतं. अगदी खरं आहे. पण सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग, आरसा, सीट, तिरका गणपती, सगळं थरथरायला लागलं. मुलुंड ते लोअर परळ दीड तास त्या थरथरीत बसून बघा. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "हे मसाजचं नवीन बसवलंस का?" तीन आठवड्यांनी ओपेरा हाउसच्या दुकानातून साधा रबरी आणून बसवला.

इंजिनचा कॉम्प्युटर रीमॅप करून ताकद वाढवा, असा आग्रह सगळेच करतात. नाही केला. आहे ती ताकद वापरायलाच मला पहाटे पाचला उठावं लागतं. सस्पेन्शनचे लिंक रॉड घरी बदलले, लोअर आर्मचे बुश मात्र प्रेसशिवाय बसत नाहीत. इंजिनच्या झडपांची वेळ सांभाळणारा टायमिंग बेल्टही गॅरेजमध्येच. मागच्या मालकाकडे तो बदलल्याचा कागद नव्हता, आणि कागद नसेल तर बदललाच नाही असं धरायचं. तो तुटला तर खर्च थेट इंजिन उघडण्यापर्यंत जातो.

पावसाळ्याची तयारी जूनच्या पहिल्या रविवारी करायची असं ठरवलं होतं. २०२५ चा मान्सून २६ मे रोजीच मुंबईत हजर. काचेखालच्या जाळीत वर्षभराची गुलमोहराची पानं तशीच होती, पाण्याची वाट तुंबली आणि डाव्या बाजूचा गालिचा भिजला. पुढचे दहा दिवस गाडीत ओल्या कुत्र्याचा वास. जाळी उघडून पानं काढायला मला वीस मिनिटं लागली, म्हणजे हे आधी का केलं नाही याचं काही उत्तर नाही. उंदीर हा वेगळाच विषय. डांबरगोळ्या घातल्या, तंबाखूची पानं ठेवली. ऑगस्टमध्ये एक वायर कुरतडलेली सापडली, शेजारी तंबाखू जशीच्या तशी. १८ आणि १९ ऑगस्टच्या पावसात गाडी हलवलीच नाही. जमिनीपासून १५५ मिलिमीटर उंची घेऊन किंग्ज सर्कलच्या पाण्यात शिरायची हिंमत माझ्यात नाही.

खर्च सगळा धरून १ लाख १२ हजार झाला, त्यात टायमिंग बेल्ट, टायर आणि सस्पेन्शन हेच ७० हजारांच्या वर. मॉडेल बंद झालेलं असलं तरी रोजचे पार्ट मिळतात, कारण लिनिया टी-जेटमध्ये याच जातीचं इंजिन होतं. बॉडीचे पार्ट मात्र शोधावे लागतात. शहरात लिटरला ९, हायवेला १३. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि ही गाडी त्याच्या आधीच्या काळातली, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या दर महिन्याला हात फिरवून बघतो. रोज ऑफिसला जायला एकच गाडी हवी असेल तर ही घेऊ नका. क्लच जड आहे, आणि २००० आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो, मुंबईची निम्मी वाहतूक त्याच खाली चालते.

पण आठवड्याच्या मधल्या दिवशी रजा टाकून पहाटे कल्याण-मुरबाड मागे टाकावं आणि माळशेज चढायला लागावं. तिसऱ्या गिअरला काटा २००० ओलांडतो, टर्बोची बारीक शीळ येते आणि पाठ सीटला टेकते. वेग कायद्यातलाच असतो. स्टिअरिंग शहरात जड वाटतं, तेच इथे वळणावर रस्त्याचा खडा न् खडा हाताला सांगतं. एकदा काकांना नेलं होतं. वर पोचल्यावर उतरून त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "डाव्या बाजूने काहीतरी टकटक येतंय."

मला काही ऐकू आलं नव्हतं. पण काल स्टँडवर घेतली तर डावा लिंक रॉड एवढासा सैल होता, मीच बसवलेला. नवा नट आणलाय. फ्लेक्स वाळत घातलाय. रविवारी सात वाजता.