वेग तोच, तरी गाडी हळू: खाणगाडी कोस्टरचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीत नागपूरजवळच्या एका पार्कचा वार्षिक पास घरातल्या पाच जणांसाठी काढला. रामटेक तालुक्यातील आमच्या गावाहून तिथे पोहोचायला दीड तास लागतो, तरीही जूनपर्यंत सहा वेळा जाणे झाले. पाण्याच्या घसरगुंड्या ठीकच आहेत. लिहावेसे वाटते ते खाणगाडीच्या रूपातील कौटुंबिक रोलर कोस्टरविषयी.

साखळी गाडीला साधारण तीन मजले उंच ओढून नेते. त्या वेळी ऐकू येणारी टकटक ही गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या अडसराची असते. माथ्यापासून पुढचे सारे काम गुरुत्वाकर्षणाचे. १० मीटरच्या उतारावर, घर्षण सोडून दिले तरी, वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपासच जातो. एवढ्या वेगाच्या एसटीत आमच्याकडची माणसे निवांत झोपतात. पण पहिल्या दिवशी आईने मांडीवरचा दांडा शेवटपर्यंत सोडला नाही, कारण बोगद्याची कड डोक्याला लागेल इतकी जवळ भासत होती, दोन्ही बाजूंचे खडक नजरेच्या कोपऱ्यातून सरकत होते आणि अंधारात पुढचे वळण कोणत्या बाजूला आहे हे कळत नव्हते. अमेरिकेतील डिस्नेलँडमध्ये १९७७ पासून चालणारे स्पेस माउंटन हे रोलर कोस्टर याच अंधाराच्या बळावर टिकून आहे. वेगाच्या बाबतीत ते आजच्या मोठ्या कोस्टरांच्या जवळपासही नाही.

मँगनीजच्या खाणीत नोकरी केलेल्या आमच्या काकांना मात्र सजावट पटली नाही. खाली उतरल्यावर त्यांनी बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या लाकडी टेकूकडे बोट दाखवले. "हा खांब कायलेच टेकला नाही. अन् मँगनीज काळं असते बाप्पा, हे तं विटावानी लाल हाय." काकांची हरकत खरी होती, पण त्या टेकूंखालून जाताना सगळ्यांत आधी मान खाली घातली ती त्यांनीच.

मार्चमध्ये बोगद्यातील भोंगा आणि वाफ बंद पडली. एप्रिलमध्ये निम्मे दिवे गेले, उन्हाने फायबरचे खडक पांढुरके पडले आणि छताचा एक पत्रा निघाल्यामुळे अंधाराच्या जागी चक्क आभाळ दिसू लागले. मे महिन्यात भाच्याने विचारले, "मामा, गाडी हळू काऊन चालली?" मलाही तसेच वाटले होते, म्हणून मोबाइलवर वेळ लावली. माथ्यापासून ब्रेकपर्यंत ४० सेकंद. डिसेंबरमध्ये सहज म्हणून मोजली होती तेव्हा ४१ भरले होते. उन्हाळ्यात चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीस पातळ होते आणि गाडी किंचित जोरातच धावते. म्हणजे ज्या दिवशी ती आम्हाला सर्वांत मंद वाटली, त्या दिवशी ती थंडीपेक्षा वेगात होती.

तक्रार खिडकीवर नोंदवली. लवकरच याहून मोठा आणि वेगवान झुला येत आहे, असे उत्तर मिळाले. मी दिव्यांविषयी विचारले होते.

जाणाऱ्यांनी दुपारी चारनंतर जावे, कारण त्याआधी दांडा हाताला चटका देतो. माथ्यावरून खेचले जाण्याची मजा शेवटच्या डब्यात अधिक आहे. लहान मुलांना पुढे बसवावे. जूनअखेरीस गेलो तेव्हा पत्रा बसवलेला होता आणि बोगद्यात दोन दिवे लागले होते. आईने तिथे पुन्हा दांडा धरला. भोंगा अजून मुकाच आहे, त्यामुळे पास पुढे चालू ठेवायचा की नाही, ते दिवाळीलाच ठरवू.