‘पेंढा भरून देतो’ म्हणत मार्लिन मारणारे: बंदरावरची फसवणूक कशी चालते

हौशी मासेमारीच्या भाड्याच्या होडीवर पाहुण्याच्या गळाला मोठा मार्लिन (भाल्यासारख्या लांब चोचीचा समुद्री मासा) लागतो आणि तास-दोन तास झुंजून होडीलगत येतो. खुर्चीतला पाहुणा घामाने निथळलेला, हात थरथरत असलेले. नेमक्या त्या क्षणी कप्तान म्हणतो, “मासा दमलाय, सोडला तरी मरणारच. वर घेऊ, पेंढा भरून देतो.” पाहुण्याने मान हलवली की मासा वर ओढायचा लोखंडी आकडा त्याच्या अंगात घुसतो. किनाऱ्यावर छापील अर्ज तयार असतो: निम्मे पैसे आत्ता, उरलेले माल पाठवताना.

काही महिन्यांनी खोक्यातून जे निघतं, त्यात त्या माशाचं सहसा काहीच नसतं. मार्लिनची कातडी तेलकट असल्याने टिकवणं अवघड, म्हणून भिंतीवरचे मार्लिन आता बहुतेक फायबरग्लासचेच असतात. ते तयार साच्यातून काढून रंगवतात. त्यासाठी लांबी, घेर आणि चांगले फोटो पुरतात. मासा मारावा लागत नाही. तरी मारतात, कारण अर्ज भरून घेणाऱ्याला कमिशन मिळतं आणि मासा होडीकडेच राहतो. हवाईतल्या भाड्याच्या होड्यांवर तर ‘मासा होडीचा’ हा जुना रिवाजच आहे.

प्रतिकृती विकण्यात गैर काही नाही. संताप येतो तो जिवंत सुटू शकणारा मासा खोटं बोलून मारला जातो याचा. ब्लू मार्लिनचा नर १५० किलोंच्या वर क्वचितच जातो. तीनशे किलोंचं जनावर म्हणजे अंडी देणारी मादी.

मापातही हात मारतात. वजनाच्या अंदाजाचं सूत्र असं: घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ८००, मापं इंचांत, उत्तर पौंडांत. लांबी धरायची ती खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत. लांबी १२० आणि घेर ६० इंच असेल तर वजन ५४० पौंड, म्हणजे सुमारे २४५ किलो. फीत चोचीच्या टोकापासून लावून लांबी १५० दाखवली की तोच मासा ६७५ पौंडांचा होतो! प्रतिकृतीचा दर बहुधा इंचावर असतो, म्हणून कोणती लांबी धरली ते अर्जावर लिहून घ्या.

“मरणारच” हे कधीकधी खरंही असतं. शेपटीला दोर गुंडाळून मासा उलटा ओढला गेला, कल्ल्यांतून रक्त वाहतंय किंवा गळ पोटात रुतलाय, तर आशा कमी. नुसता दमलेला मासा मात्र सावरू शकतो. हातमोजे घालून चोच धरायची, डोकं पाण्यातच ठेवायचं आणि होडी दोनेक नॉटने (ताशी चारेक किलोमीटर) पुढे न्यायची, म्हणजे कल्ल्यांतून पाणी खेळतं. अंगावर रंग परतला, शेपटी जोरात हलू लागली की सोडायचं. हे करून न बघताच आकडा उचलणाऱ्याला तिथेच थांबवा.

होडी ठरवतानाच लेखी घ्या: जिवंत मासा सोडायचा, आणि वर घेतलाच तर तो कोणाचा. धक्क्यावर सही करू नका. प्रतिकृती हवी असेल तर मापं आणि फोटो घेऊन थेट कारागिराकडे जा. आगाऊ रक्कम गेलीच असेल, तर बाकी देण्याआधी ‘यात खऱ्या माशाचा कोणता भाग आहे?’ हे लेखी विचारा. पावतीवर खरी कातडी लिहिली असेल आणि पैसे कार्डाने दिले असतील, तर ती पावती नि ते उत्तर जोडून बँकेकडे लगेच तक्रार करा. अशा तक्रारीला मुदत असते.