ऱ्हाईनकाठच्या श्योनबुर्गमधला मुक्काम: खोली बघून पैसे मोजा

जर्मनीत ऱ्हाईनच्या डाव्या तीरावर ओबरवेझेल नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या डोक्यावरच्या कड्यावर श्योनबुर्ग किल्ला उभा आहे आणि त्याच्या एका भागात 1957 पासून हॉटेल चालतं. बिंगेन ते कोब्लेंत्सपर्यंतचा हा पट्टा 2002 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. दोन्ही काठांवर स्लेटच्या (पाटीच्या दगडाच्या) उभ्या उतारांवर द्राक्षमळे आणि दर दोन-चार किलोमीटरवर एखादा किल्ला. यातल्या बऱ्याच किल्ल्यांत राहता येतं. खरोखर जुन्या भिंतींच्या आत झोपायचं असेल तर आमची पहिली पसंती श्योनबुर्गलाच. अट एकच: खोली नीट निवडायची. चुकीची खोली मिळाली तर तेवढेच पैसे मोजून माणूस वैतागतो.

इतिहास थोडक्यात. किल्ल्याच्या मालकांमध्ये थोरल्यालाच सगळं देण्याची रीत नव्हती, सगळ्या मुलांना वाटा मिळायचा. त्यामुळे चौदाव्या शतकात इथे एकाच तटाच्या आत चोवीस कुटुंबं, म्हणजे सुमारे अडीचशे माणसं राहत होती. आपल्याकडच्या वाटण्या झालेल्या वाड्यासारखाच प्रकार, ज्याचा त्याचा जिना वेगळा. 1689 मध्ये फ्रेंच फौजांनी किल्ला जाळला आणि पुढची दोनशे वर्षं तो तसाच पडून होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ऱ्हाइनलँडर नावाच्या अमेरिकन कुटुंबाने तो विकत घेऊन डागडुजी केली आणि 1950 मध्ये गावाने तो परत घेतला. म्हणजे तट आणि बुरूज जुने असले तरी आतलं बरंचसं लाकूडकाम शे-सव्वाशे वर्षांपलीकडचं नाही. ‘हजार वर्षं जुन्या खोलीत झोपलो’ असं कोणी सांगत आलं तर ऐकून घ्यावं.

आता खोल्या. इथे दोन खोल्या एकसारख्या नाहीत, कारण भिंती जशा होत्या तशा ठेवून खोल्या बसवल्या आहेत. पाहायच्या गोष्टी तीन: खिडकी कुठे उघडते, वर जायला जिना कसा आहे आणि खोली छपराखालची आहे का.

नदीच्या बाजूची खोली पूर्वेकडे तोंड करून असते. उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो आणि सकाळी साडेपाच-सहालाच ऊन थेट अंथरुणावर येतं. जाड पडदे ओढून झोपलात तर हरकत नाही, पण मग खिडकी बंद राहते आणि खोली कोंदट होते. संध्याकाळी उलट. किल्ला सावलीत जातो आणि समोरच्या काठावरचे मळे उन्हात सोनेरी दिसतात. फोटो काढायचा तो तेव्हा. अंगणाच्या किंवा जंगलाच्या बाजूची खोली स्वस्त आणि शांत असते, पण तिथून नदी दिसत नाही. एवढ्या लांब येऊन हे बहुतेकांना पटत नाही.

शांततेबद्दल हॉटेलांच्या जाहिराती बोलत नाहीत, म्हणून सांगतो. ऱ्हाईनच्या दोन्ही काठांनी रेल्वे जाते. डाव्या काठावर मुख्यतः प्रवासी गाड्या, उजव्या काठावर मालगाड्या, त्याही रात्रभर. रॉटरडॅम ते जेनोआ हा युरोपातला मोठा मालवाहतुकीचा मार्ग याच दरीतून जातो. दरी अरुंद आणि दोन्ही बाजूंना खडक, त्यामुळे आवाज वर चढतो. जुन्या वाघिणींचे ब्रेक ओतीव लोखंडाचे असत. ते चाकाचा पृष्ठभाग खडबडीत करत आणि चाक रुळावर खडखडत असे. डिसेंबर 2020 पासून जर्मनीत अशा गोंगाटी वाघिणींना बंदी आहे आणि फरक नक्की जाणवतो. तरी गाडी जाते ती कळतेच. झोप हलकी असेल तर खिडकी लावून झोपा किंवा कानात घालायचे बोळे न्या. काठावरच्या गावातल्या हॉटेलांपेक्षा किल्ल्यावर आवाज कमी, एवढं निश्चित.

जिन्याचं प्रकरण सर्वात महत्त्वाचं. बुरुजातला गोल जिना एका माणसापुरता असतो आणि पायरी आतल्या टोकाला जेमतेम चार बोटं रुंद. आपल्याकडची 28 इंची बॅग तिथे वळतच नाही. उचलावी म्हटलं तर कोपर भिंतीला घासतं. एका रात्रीपुरतं सामान लहान बॅगेत काढून मोठी बॅग खाली ठेवायला सांगणं उत्तम. गाडी तटाच्या बाहेर ठेवावी लागते आणि तिथून आत दगडी फरसबंदीचा चढ आहे, त्यावर चाकाची बॅग ओढणं म्हणजे चाकं गमावणं. सामान वर नेण्याची सोय हॉटेल करतं, फक्त पोचण्याची वेळ आधी कळवा. गुडघेदुखी असलेले आई-वडील बरोबर असतील तर बुकिंगच्या ई-मेलमध्ये सरळ विचारा: अंगणापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, जिना गोल की सरळ आणि न्हाणीघरात पायरी आहे का? ‘लिफ्ट आहे का’ एवढंच विचारून भागत नाही, कारण अशा इमारतींत लिफ्टच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंतही पायऱ्या निघतात.

एसी मिळेल असं धरून चालू नका. जाड दगडी भिंतींमुळे खालच्या मजल्यांवर त्याची गरजही पडत नाही. छपराखालची खोली मात्र जुलै-ऑगस्टच्या उष्म्यात संध्याकाळपर्यंत तापते आणि रात्री उशिरा निवते. म्हणून उन्हाळ्यात मधला मजला आणि मे किंवा ऑक्टोबरमध्ये वरचा. त्याच भिंतींमुळे वायफायही कोपऱ्यात अडखळतं. दोघांच्या पलंगावर दोन वेगळ्या गाद्या आणि दोन वेगळी पांघरुणं असतात, ती जर्मन पद्धतच आहे, तक्रार करू नये.

पोचायला सोपं आहे. फ्रँकफर्ट विमानतळावरून माइंत्सला यायचं, तिथून कोब्लेंत्सकडे जाणारी आरबी 26 ही सगळीकडे थांबणारी गाडी ओबरवेझेलला सोडते. गाडीची वेळ जुळली तर दीड तासाच्या आसपास. स्टेशनावरून किल्ला दिसतो आणि ‘हे काय, इथेच तर आहे’ असं वाटतं, पण चढ वीस ते तीस मिनिटांचा आहे आणि वाटेत पायऱ्या आहेत. गाव लहान, स्टेशनाबाहेर टॅक्सी उभी नसते. आदल्या दिवशी हॉटेलला सांगून ठेवा. भाड्याची गाडी असेल तर हे ध्यानात ठेवा की बिंगेन ते कोब्लेंत्स नदीवर एकही पूल नाही. पलीकडे जायचं तर काउब किंवा सांक्ट गोआरची फेरीबोट, आणि ती रात्रभर चालत नाही. पलीकडच्या काठावर जेवायला जाणाऱ्यांनी शेवटच्या बोटीची वेळ आधी पाहावी.

जेवण चांगलं आहे, पण सावकाश. चार-पाच पदार्थ एकामागून एक येतात आणि दोन-अडीच तास सहज जातात. मुलं बरोबर असतील तर पहिल्या संध्याकाळी गावात जेवा. शाकाहारी असाल तर ‘व्हेजिटेरियन’ एवढं कळवून थांबू नका. मांस-मासे नाहीत, सुपात मांसाचं पाणी नाही, गोडात जिलेटिन नाही आणि बटाट्यावर किंवा सॅलडवर ‘श्पेक’ नाही, असं एकेक करून लिहा. श्पेक म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. ते इथे चिमूटभर कोथिंबीर टाकावी तसे कशावरही पडतात आणि त्स्वीबेलकूखन या कांद्याच्या खाऱ्या केकमध्येही असतात. चीज घातलेलं श्पेट्झलं (अंडं घातलेल्या कणकेचे उकडलेले छोटे तुकडे) किंवा पावाबरोबर श्पुंडेकेस हे ताज्या चीजचं तोंडीलावणं, या दोन गोष्टी गावात मिळतात आणि पोटभरीच्या आहेत. एप्रिलपासून 24 जूनपर्यंत पांढऱ्या शतावरीचा (अ‍ॅस्परॅगसचा) हंगाम असतो, तेव्हा शाकाहाऱ्यांची चैन.

वाइन मात्र किल्ल्यात एखादा ग्लास घ्या आणि बाटल्या गावात. हा मिटेलराईन नावाचा वाइनचा पट्टा, इथे सर्वाधिक लागवड रिझलिंग या पांढऱ्या द्राक्षाची. स्लेटचा दगड दिवसा तापतो आणि रात्री ऊब परत देतो, म्हणून एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकतं. नाशिकची रिझलिंग प्यायली असेल तर इथली आंबट वाटेल. आंबटपणा हाच तिचा कणा आहे. लेबलवर ‘ट्रोकन’ असेल तर कोरडी, ‘हाल्बट्रोकन’ किंवा ‘फाइनहेर्ब’ असेल तर किंचित गोडसर. आपल्या जिभेला सुरुवात फाइनहेर्बनेच बरी. जुन्या रिझलिंगला रॉकेलची झाक येते. ती बाटली बिघडलेली नसते, परत पाठवू नका.

गावात दारावर पानांचा झुबका किंवा झाडू टांगलेला दिसला की ती ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’ समजावी. मळेवाल्याला आपल्याच घरी, वर्षातून जास्तीत जास्त चार महिने आणि चाळीस खुर्च्यांपर्यंत स्वतःची वाइन पाजायची परवानगी असते, हा तो प्रकार. साधं खाणं, रोख पैसे. आमच्या मते पूर्ण मुक्कामातली ही सर्वात चांगली संध्याकाळ असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘फेडरवाइसर’ मिळते, म्हणजे अजून आंबत असलेली गढूळ, गोड वाइन. तिचं झाकण मुद्दाम सैल असतं. बाटली आडवी ठेवली तर बॅग भिजते, झाकण घट्ट आवळलं तर बाटली फुटू शकते. ती तिथेच प्यायची.

खर्चाचं सांगायचं तर दोघांना न्याहारीसह दोनशे युरोंच्या खाली खोली मिळण्याची आशा धरू नका. नदीच्या बाजूची आणि गच्चीची खोली त्याच्या बरीच वर. एका रात्रीसाठी हे परवडत नाही. दुपारी तीनच्या सुमारास खोली ताब्यात येते, सकाळी सोडायची, मधला वेळ जेवणात आणि झोपेत. दोन रात्री घ्या, त्याही आठवड्याच्या मधल्या. सप्टेंबरचा दुसरा आणि तिसरा शनिवार टाळा: नदीकाठी आतषबाजीचा उत्सव असतो आणि खोल्या कित्येक महिने आधी जातात. हिवाळ्यात काही आठवडे हॉटेल बंद असतं.

बजेट कमी असेल तर पुढच्याच गावात, बाखाराखला, श्टालेक किल्ल्यात युवा वसतिगृह आहे. 1689 मध्ये तोही पडला आणि विसाव्या शतकात पुन्हा बांधला गेला. देखावा श्योनबुर्गच्या तोडीचा, भाडं त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास, न्याहारीसकट. बंक बेड, शाळेच्या सहलींचा गोंगाट आणि गावातून पंधरा-वीस मिनिटांचा चढ एवढं सहन करायचं. सभासद कार्ड लागतं. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या कार्डावर हॉस्टेलिंग इंटरनॅशनलची खूण असेल तर ते बरोबर न्या. पोहण्याचा तलाव, मसाज वगैरे हवं असणाऱ्यांनी सांक्ट गोआरचं राईनफेल्स पाहावं. तिथे भग्न किल्ला शेजारी आहे, झोपायच्या खोल्या मात्र नव्या बांधणीच्या.

निघताना वाइन घ्यायची तर मळेवाल्याकडे दहा युरोंच्या आसपास चांगली बाटली मिळते. भारतात दरडोई दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं. म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या, तिसरी घेतली की सव्वादोन होतात. तिसरी हवीच असेल तर अर्ध्या लिटरची मागा, हिशेब बरोबर दोनवर येतो. बाटल्या चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध.