अंधेरीत 'स्टॅग एंट्री' (नुसत्या पोरांना क्लबात प्रवेश) करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका, आमचे ६३,००० गेले

आधी आकडा सांगतो. ६३,००० रुपये. त्यातले ५,००० ॲडव्हान्स आणि ५८,००० बिल. पाच जण, शनिवारची रात्र, अंधेरी पश्चिम. आणि एवढ्या पैशात आम्ही काय खाल्लं-प्यालं तर व्हिस्कीचे तीस एमएलचे चौदा पेग, बिअरच्या सहा पिंट, चिकन टिक्का, पनीर चिली आणि दोन प्लेट मसाला शेंगदाणे. बाकीचं काय ते पुढे सांगतो, ते सांगायलाच जास्त लाज वाटते.

हे डेटिंग ॲपवालं प्रकरण नाहीये. मुलगी मॅच होते, बार तीच ठरवते, ड्रिंक मागवते, फोन आला म्हणून सटकते आणि बिल तुमच्या गळ्यात, हे आता शेंबड्या पोराला पण माहितीये. २०२४ मध्ये अंधेरीतलंच असं प्रकरण बातम्यांत गाजलं तेव्हा आमच्या ग्रुपवर ते मीच फॉरवर्ड केलेलं. त्यामुळे आम्ही काही गावावरून पहिल्यांदा मुंबई बघायला आलेले नव्हतो, कमेंट करायच्या आधी एवढं लक्षात घ्या.

झालं असं की मामेभावाचं लग्न ठरलं आणि आम्ही नाशिकहून त्याला धरून पाच जण निघालो. पाचही पुरुष. ज्यांना माहितीये त्यांना इथेच कळलं असेल. मुंबईत शनिवारी चांगल्या गर्दीच्या, म्युझिकवाल्या क्लबमध्ये नुसत्या पोरांचा ग्रुप दारातूनच परत पाठवतात. कपल असेल तर या, स्टॅग असाल तर एकतर नाहीच किंवा माणशी हजारोंचं कव्हर, म्हणजे आत जायचे पैसे, भरा. लोअर परळला दोन ठिकाणी फोन केला, एकाने सरळ नाही सांगितलं, दुसऱ्याने टेबलसाठी मिनिमम ४०,००० चा खर्च सांगितला. तेव्हा आम्ही हसलो, चाळीस हजार कोण देणार म्हणून. हसा आता.

दाजी आमच्यातले मोठे. ते म्हणत होते कुलाब्याला चला, मोंडेगरला बसू, भिंतीवरची मारिओ मिरांडांची चित्रं बघत बिअर पिऊ, नाहीतर गोकुळला जाऊ, तिथे पोरांच्या ग्रुपला कुणी विचारत नाही. पण नवरदेवाला डीजे पाहिजे होता, नाचायचं होतं, आणि त्याचा दिवस म्हटल्यावर आपण काय बोलणार. मग आमच्यातल्या बारक्याने एक रील दाखवलं, मुंबईतले सगळ्यात हॅपनिंग बार वगैरे, खाली लिहिलेलं 'गेस्टलिस्ट आणि स्टॅग एंट्रीसाठी मेसेज करा'. मेसेज केला तर पाच मिनिटात फोन. पोरगा एकदम गोड. "भाई, पाँच स्टॅग है ना, टेन्शन मत लो, मैं करा दूँगा. पर हेड तीन हजार कव्हर, फुल रिडीमेबल, अभी खाली पाँच हजार टोकन डालो." म्हणजे तीन हजारात तीन हजारचं खाणं-पिणं. हिशोब बरोबर वाटला. आणि ज्या क्लबचं नाव घेतलं तो खरा, नावाजलेला, त्यात काही खोटं नव्हतं.

आता ऐका. यूपीआयला नंबर टाकला तर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. मी बघितलं. बघितलंच नाही असं नाही! मी त्याला विचारलं पण, की हे नाव क्लबचं का नाही. तो म्हणाला मॅनेजरचं पर्सनल आहे, क्लबच्या अकाउंटला टाकलं तर लिस्टमध्ये नाव चढायला वेळ लागतो. आणि मागून चार जण, "अरे टाक ना, रात्र होईल." टाकले. तो पाच सेकंदाचा स्क्रीन मला अजून रात्री झोपताना दिसतो. पण मला सांगा, आपल्याकडे चहावाल्याचा क्यूआर बायकोच्या नावाचा असतो, हॉटेलचा भावाच्या नावाचा, रिक्षावाल्याचा मुलाच्या नावाचा. नाव जुळत नाही म्हणून थांबायचं ठरवलं तर दिवसभरात एक पेमेंट होणार नाही. पण तरी क्लबचं टोकन क्लबच्याच नावावर गेलं पाहिजे, नाहीतर देऊ नका, हे आता मी छाती ठोकून सांगतो.

गेटवर साडेदहाला पोचलो. बाउन्सरने लिस्ट बघितली, नाव नाही. स्टॅग अलाउड नाही, बाजूला व्हा. फोनवरच्या त्या गोड पोराला, म्हणजे प्रमोटरला, फोन लावला आणि बोलतोय तोवर एक दुसराच माणूस आमच्या शेजारी उभा. "आप नाशिक वाले ना? आज इधर हाउसफुल है सर, अपना सिस्टर आउटलेट है पीछे, सेम मॅनेजमेंट, कव्हर उधरही ॲडजस्ट हो जाएगा."

दोन मिनिटं पण झाली नव्हती. शनिवारी रात्री अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये दोन मिनिटात माणूस येतो कुठून? तो समोरच्या पानटपरीवर आधीपासून उभाच होता, आमचीच वाट बघत. गेटवर नकार मिळणार हे त्यांना माहिती असतं, किंबहुना सगळा धंदाच त्या नकारावर आहे. खऱ्या क्लबला यातलं काही माहीत पण नसेल. पाच जण नटूनथटून आलेत, नवरदेवाचं तोंड पडलंय, तेव्हा जो कोणी आत घेतो म्हणेल त्याच्या मागे माणूस जातोच. तुम्ही पण गेला असता. दाजी तेव्हा पण म्हणाले चला परत, तर मीच म्हटलं पाच हजार अडकलेत दाजी. पाच हजार वाचवायला!

मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर. जिना एवढा अरुंद की समोरून कोणी आलं तर भिंतीला चिकटायचं, खाली शटर अर्धं ओढलेलं. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलमधल्या पबच्या आगीत १४ माणसं गेली त्याची आठवण जिना चढताना झाली, तेव्हाच उतरायला पाहिजे होतं, पण वरून म्युझिक जोरात. आत टेबलं बरीच रिकामी आणि रिकाम्या टेबलांवर 'रिझर्व्हड'ची पाटी. शनिवारी अकरा वाजता रिकामं आणि रिझर्व्हड, कोण येणार होतं तिथे?

मेन्यूचा क्यूआर दिला त्यात फक्त खाणं. दारूचे रेट विचारले तर वेटर म्हणतो "सर, नॉर्मल रेट है, जो अंधेरी में चलता है." छापील कार्ड नसेल तर तिथेच उठा. पहिला पेग यायच्या आधी उठा, नंतर उठता येत नाही.

आता लाजेचा भाग. थोड्या वेळाने दोन मुली टेबलाला आल्या, डीजेच्या मैत्रिणी आहोत म्हणाल्या, नवरदेवाला काँग्रॅट्स केलं, एकीने शॉट्सचा ट्रे मागवला. आम्ही बोलावलं नव्हतं. हे माझी बायको पण वाचणार आहे म्हणून परत लिहितो, आम्ही बोलावलं नव्हतं, आणि दाजी तर त्या आल्यावर शेंगदाणे घेऊन पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले. पण ट्रे आल्यावर नको कसं म्हणायचं, आमच्यातल्या दोघा-तिघांनी एकेक घेतला, बाकी त्यांनीच संपवले. तिसऱ्या ट्रेनंतर दोघी गायब.

बिल जसंच्या तसं देतो. व्हिस्की १४ पेग, ९५० चा एक, १३,३००. पिंट ६, प्रत्येकी ८५०, ५,१००. 'प्रीमियम शॉट्स' १२, प्रत्येकी १,६००, म्हणजे १९,२००. खाणं ४,८६०. पाण्याच्या चार बाटल्या १,०००. 'आर्टिस्ट चार्ज' माणशी १,५०० प्रमाणे ७,५००, आर्टिस्ट म्हणजे तो पेनड्राइव्हवाला डीजे. झाले ५०,९६०. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज ५,०९६. आणि या सगळ्यावर १८ टक्के 'जीएसटी' १०,०९०. टोटल ६६,१४६. टोकनचे पाच हजार वजा? नाव काढलं तर म्हणे ते दुसऱ्या आउटलेटचं, इकडे काही संबंध नाही.

दारूवर जीएसटी लागतच नाही, व्हॅट लागतो. एवढं डोक्यात घट्ट बसवा, कारण दारू धरून सगळ्या बिलावर १८ टक्के लावलाय म्हणजे तो पैसा सरकारकडे जातच नाहीये. साध्या रेस्टॉरंटच्या खाण्यावर जीएसटी ५ टक्के. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ लाच सांगितलंय, दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय. मी हे सगळं तिथे बोललो. मॅनेजर ऐकून घेतो, हसतो, आणि मागे तीन बाउन्सर जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. हात कोणी लावला नाही, शिवी पण दिली नाही, नुसते उभे. बिलावर जीएसटी नंबर नव्हता, वर फक्त 'एस्टिमेट' छापलेलं. तासभर घासाघीस करून ५८,००० वर आलं. माझ्या यूपीआयवरून ३०,०००, दाजींचं कार्ड स्वाइप १८,०००, रोख १०,०००. कार्डाच्या मेसेजमध्ये नाव कुठल्यातरी ट्रेडर्सचं, बारचं नाव कुठेच नाही. म्हणजे उद्या तुम्ही तक्रार करणार कोणाविरुद्ध?

तिथून सरळ पोलिसांकडे. पहिल्या ठिकाणी सांगितलं ही आमची हद्द नाही, रस्ता ओलांडला की दुसऱ्यांची. आता १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आलाय, हद्द कोणतीही असो, तक्रार घ्यावीच लागते, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, पण रात्री दीडला हे सांगायला गेलात तर "वकील आहात का?" दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथल्या साहेबांचा पहिला प्रश्न, "पिऊन आलाय ना? परमिट आहे का?"

हो, परमिट. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि प्यायला परवाना लागतो, बारवाल्यानेच एक दिवसाचा फाडून द्यायचा असतो, आयुष्यात कोणी दिलाय तुम्हाला? वर सगळ्यांची वयं विचारली. आमचा बारक्या २४ चा. कडक दारूला आपल्याकडे २५ पूर्ण लागतात. साहेब म्हणाले, "तुमचीच केस आधी होईल बघा, लग्नाच्या तोंडावर कशाला?" ज्याने २४ वर्षांच्या पोराला दारू विकली, परमिट दिलं नाही, खोटा जीएसटी लावला, तो वर बसून गल्ला मोजतोय आणि आरोपी आम्ही! तक्रार घेतली नाहीच, एका कागदावर अर्ज लिहून घेतला, शिक्का मागितला तर म्हणे उद्या या, शिक्का कपाटात आहे. दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब, त्यांना अर्ज सापडेना. मग म्हणे हा सिव्हिल मॅटर आहे. फसवणूक सिव्हिल कधीपासून झाली? पूर्वीचं ४२० म्हणजे आताचं कलम ३१८, ते काय फक्त पेपरात छापायला आहे का?

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. ते म्हणाले बारमध्ये बसून स्वतः पैसे दिले, सायबर नाही, फक्त टोकनच्या ५,००० ची तक्रार होईल. ती केली, स्टेटस अजून 'अंडर प्रोसेस'. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. उत्पादन शुल्कवाले म्हणतात रेट किती लावायचा हा मालकाचा प्रश्न. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला पाण्याच्या बाटलीचं विचारलं तर तिथे पण कायदा त्यांच्याच बाजूचा, हॉटेलात एमआरपीच्या वर पाणी विकता येतं असा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल आहे. सर्व्हिस चार्जची तक्रार मात्र त्यांनी लगेच नोंदवली, म्हणजे ६३,००० पैकी ५,०९६ ची. सगळ्यांनी नम्रपणे ऐकून घेतलं आणि सगळ्यांनी पुढच्या खिडकीचा पत्ता दिला.

आता कोणी विचारेल तिथूनच ११२ का लावला नाही. बरोबर आहे. लावायचा होता तर पैसे द्यायच्या आधी, टेबलावर बसूनच, पोलीस येईपर्यंत हलायचं नाही. एकदा पैसे दिले की तुम्ही समाधानी गिऱ्हाईक. पण नवरदेव रडकुंडीला आलेला, पंधरा दिवसांवर हळद, मुलीकडच्यांच्या कानावर गेलं तर काय, अशा वेळी ११२ लावायची हिंमत घरात बसून सगळ्यांनाच येते.

पोरांचाच ग्रुप असेल तर क्लबच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर लावून स्टॅग चालतात का ते विचारा, मॅपवर दिसणारा नंबर कोणीही बदलून ठेवतो. नाही म्हणाले तर नाही. गेटवरून दुसरीकडे नेणारा माणूस, तो कितीही ओळखीचं बोलला तरी, त्याच्या मागे जायचं नाही, टोकन बुडालं तर बुडू दे. टेबलाला अनोळखी कोणी बसलं आणि ऑर्डर दिली तर वेटरला तिथल्या तिथे सांगा की हे आमच्या बिलात नाही, आणि सांगताना व्हिडिओ चालू ठेवा. आणि बिल मिळालं की लगेच फोटो काढा. ती स्लिप थर्मल कागदाची असते, माझी पाकिटात राहून पांढरी पडली, आणि आता जे साहेब नव्याने अर्ज घ्यायला तयार झालेत त्यांना ओरिजिनलच पाहिजे.